एक्क्याऐंशी टक्क्यांचा पासंग

३ मार्च

चि. खारू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन न करता लिहून कळवलंस हे योग्य केलंस. बोललेलं पुढे सिद्ध करता येत नाही. अठरा एप्रिलला तू आणि डॉक्टरबाई नोंदणी कार्यालयात लग्न करणार, साक्षीदारांच्या दोन सह्या लागतात, एक तुझ्या आत्याची आणि एक माझी, हा मजकूर मी तीनदा वाचला. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचला. मजकूर तोच होता.

तुम्ही दोघी सहा वर्षं एका घरात राहता हे मला ठाऊक आहे. डॉक्टरबाईंनी माझी अक्कलदाढ काढली ती मला कळलीसुद्धा नाही, हेही मी कधी नाकारलेलं नाही. कायदा गेल्या वर्षी झालेला आहे आणि मी जन्मभर कायद्याची नोकरी केली आहे. पण सोबतचं कात्रण पाहा. तो कायदा रद्द करा म्हणणाऱ्या मंडळाने दोन हजार लोकांना फोन करून मत विचारलं. शंभरातले एक्क्याऐंशी विरोधात आहेत. पस्तीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक म्हणून बाजार तपासले. काट्याने जे दाखवलं ते लिहिलं. मनाला येईल ते लिहिलं नाही. या एक्क्याऐंशी जणांत खालचा शिंपी असेल, समोरचा औषधवाला असेल. रोज सकाळी त्यांच्यासमोरून जायचं आहे मला.

तेव्हा मी येणार नाही. रागावून लिहीत नाही, हे ध्यानात घे.

इकडे सर्व ठीक. जिन्यातला दिवा दुरुस्त झाला. तुझी आत्या वरच्या मजल्यावर खुशाल आहे, हे आवाजावरून कळतं. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा

१० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र सोबत पाठवते. वाचताना हातात कपबशी धरू नकोस, मागच्या वेळी फुटलेल्या सेटमधल्या तीनच उरल्या आहेत असं तूच म्हणाली होतीस.

तुला माहीत आहे, मी पोटासाठी प्रश्न लिहिते. बिस्किटं कुरकुरीत आहेत का, साबणाला वास कसा आहे, असले. त्यामुळे एक्क्याऐंशी हा आकडा दिसला की माझे कान टवकारतात. इतकी माणसं तर बिस्किट गोड असतं यावरसुद्धा एकमत करत नाहीत. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने त्या मंडळाचा मूळ फॉर्म मिळवून दिला. प्रश्न चारच आहेत. उतरवून देते.

एक : समाजाचं स्वास्थ्य टिकावं असं तुम्हाला वाटतं का? दोन : मुलांची मनं कोवळी असतात हे तुम्हाला मान्य आहे का? तीन : पुरेसा विचार न करता केलेले बदल घातक ठरू शकतात, हे पटतं का? चार : तर मग, दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया यांच्या विवाहासारखा प्रयोग, मुलाबाळांवर त्याचे काय परिणाम होतील हे ठाऊक नसताना, आपल्या वस्तीवर लादला जावा का? पर्याय : मुळीच नाही. नाही. सांगता येत नाही. हो, परिणाम काहीही झाले तरी.

आणि ज्यांनी सांगता येत नाही म्हटलं, त्यांना सरळ विरोधात मोजलं आहे. आत्या, तीन वेळा मान डोलवायला लावून चौथ्या वेळी खड्ड्यात ढकलायचं, याला आमच्या धंद्यात फार सभ्य नाव आहे, पण तुझ्या तोंडी असतं तेच बरोबर आहे.

मी हे सगळं बाबांना लिहिलं, तो फॉर्मही जोडला. त्यांचं कार्ड आलं, दोन ओळींचं. दुकानदाराने स्वतःच्या तराजूची तपासणी स्वतः करायची नसते, तू या प्रकरणात दुकानदार आहेस, म्हणून तुझी हरकत दाखल करून घेता येत नाही. मी ते कार्ड डॉक्टरला वाचून दाखवलं. ती हसली, मग मी रडले, मग ती म्हणाली की साक्षीदार तिच्या दवाखान्यातली बाईसुद्धा होईल, सही कुणाचीही चालते. सही कुणाचीही चालेल गं. मला बाबा हवे आहेत.

तू वरच्या मजल्यावर आहेस. त्यांच्याशी बोल. पण बोल म्हणजे बोल. भाषण नको, तुला माझी शपथ.

तुझी माया आहे तशीच असू दे, आवाज मात्र थोडा कमी कर.

तुझी,
खारू

१७ मार्च

चि. खारूताई हिस अनेक आशीर्वाद आणि डॉक्टरला त्याच्या दुप्पट.

कपबश्या आता दोन आहेत.

तू शपथ घातलीस म्हणून मी भाषण केलं नाही. खाली गेले, तुझ्या बाबाच्या, आमच्या टिल्लूच्या समोर बसले, आणि शांतपणे एवढंच म्हटलं की ज्या देशात माणसाने कुणाशी संसार करावा हे फोनवर परक्या लोकांना विचारून ठरतं, तिथे उद्या कुणी कुठल्या कुशीवर झोपावं याचीही मतमोजणी होईल. हक्क म्हणजे काय बागेतला बाक आहे, की जास्त लोकांनी बूड टेकलं त्यांचा झाला? शंभरातल्या नव्व्याण्णवांनी हात वर केला तरी शंभराव्याचं घर त्याचंच राहतं. जगात आजवर जी जी बेडी तुटली ती आधी बहुमताच्याच हाताने घट्ट केलेली होती. एवढंच. पाऊण तास लागला. समोरच्या औषधवाल्याने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. टिल्लू म्हणाला की मुद्दे विचारार्ह आहेत पण आकडा नाही.

आकडा हवा? मग देते म्हटलं आकडा!

आमच्या वाचनालयात गेल्या तीन दिवसांत मी साठ लोकांची मतं घेतली. प्रश्न एकच, सुटसुटीत : माणसाने माणसावर मनापासून प्रेम करावं, की बुरसटलेल्या समजुतींना कवटाळून दुसऱ्याच्या सुखात माती कालवावी? सत्तावन्न लोक प्रेमाच्या बाजूने निघाले. तिघे गप्प बसले होते. त्यांना मी थांबवून घेतलं आणि पुन्हा विचारलं. वाचनालय बंद व्हायच्या आत तेही प्रेमाच्या बाजूने आले. म्हणजे शंभर टक्के! त्या मंडळाला म्हणावं, एकोणीस टक्क्यांनी हरवलं तुम्हाला.

आकडे सुवाच्य अक्षरात लिहून टिल्लूच्या दाराखालून सरकवले आहेत. आता पाहू काय म्हणतो. तू काळजी करू नकोस, नीट जेव, आणि साडी नेसणार की आणखी काही ते कळव, मला त्याप्रमाणे ठरवायचं आहे.

तुझ्यावर आणि तुझ्या डॉक्टरवर जीव असलेली,
आत्या

१९ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मी तुझ्या बरोब्बर खालच्या मजल्यावर राहतो. तरी पत्र लिहीत आहे, कारण समोरासमोर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. एकसष्ट वर्षांत मी तुझ्यासमोर चार वाक्यं पूर्ण केली असतील. त्यातली दोन तू झोपली असताना.

तुझा तक्ता तपासला. निष्कर्ष : जप्त करण्याजोगा. प्रश्नाच्या एका पारड्यात प्रेम आणि दुसऱ्यात माती ठेवल्यावर गिऱ्हाईक काय उचलणार? शिवाय तिघांना थांबवून घेतलंस, याला बाजारात पारड्यावर अंगठा ठेवणं म्हणतात. या गुन्ह्यासाठी मी एका माणसाचं दुकान आठ दिवस बंद ठेवलं होतं. तो तुझ्यापेक्षा हळू दाबत असे.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. तुझा तराजू खोटा आहे हे मला एका नजरेत कळलं, आणि त्या मंडळाचा मात्र मी न तपासताच खरा धरला. कात्रणात छापलं होतं म्हणून. नोकरीत असताना छापील पाटी बघून मी कुणाला सोडलं नाही. हे मला दोन दिवस टोचतं आहे.

तू वादी आहेस, खारू वादी आहे. तपासणी त्रयस्थाने करायची असते. तो मी आहे, निदान आत्तापर्यंत होतो. तेव्हा कृपा करून आठ दिवस खाली येऊ नकोस आणि कुणाशी या विषयावर बोलू नकोस. औषधवाल्याशी तर नाहीच.

पत्राचं उत्तर जिन्यातून ओरडून देऊ नये.

तुझा आज्ञाधारक, बहुतेक वेळा,
टिल्लू

२४ मार्च

चि. खारूताई,

आशीर्वाद. घाईत लिहिते.

टिल्लूचं काहीतरी बिनसलं आहे. चार दिवस झाले, नोकरीतला जुना कोट घालून, पुठ्ठ्याच्या पाटीला चिमट्याने लावलेले कागद घेऊन तो आमच्या रस्त्यावर दार दार हिंडतो आहे. मी गच्चीवरून पाहते. बेल वाजवतो, काहीतरी वाचतो, खूण करतो, पुढच्या दाराला जातो. बेकरीवाली बाई मला म्हणाली की लग्नाबद्दल विचारत होता आणि तिने सरळ विरोध नोंदवला. विरोध! तिने! जिला मी गेल्या वर्षी तीन तास समजावलं होतं!

मला वाटतं तो त्या मंडळाला जाऊन मिळाला आहे. माझा भाऊ! मी त्याला जिन्यात गाठलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि तपासणी चालू आहे एवढं पुटपुटून दार लावून घेतलं. तुला आधीच सांगून ठेवते, म्हणजे धक्का बसणार नाही. मी मात्र येणार, दोन्ही सह्या मीच करते, अक्षर बदलून.

तुझी,
आत्या

२९ मार्च

चि. खारू हिस आशीर्वाद. विषय : तपासणीचा अहवाल.

तू पाठवलेला मूळ फॉर्म मी आठ दिवस तपासला. तुला तराजू कळत नाहीत, म्हणून आधी थोडं सांगतो. तराजूचा पासंग, म्हणजे मुळातला झोक, दोन प्रकारचा असतो. साधा पासंग पारडी रिकामी असतानाच दिसतो, काटा एका बाजूला कललेला असतो. तो लबाडाला सहज पकडून देतो. पण दांडीचा एक हात किंचित लांब केला आणि पारडी त्या बेताने हलकी-जड केली, तर रिकामा तराजू अगदी सरळ उभा राहतो. त्याला पकडायची एकच युक्ती. इकडचं वजन तिकडे ठेवायचं, तिकडचा माल इकडे. तराजू खरा असेल तर काटा जागचा हलत नाही.

मी तेच केलं. फॉर्ममधला एकही शब्द बदलला नाही. फक्त चौथ्या प्रश्नात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया यांच्या जागी एक पुरुष आणि एक स्त्री असं लिहिलं. एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या विवाहासारखा प्रयोग, मुलाबाळांवर त्याचे काय परिणाम होतील हे ठाऊक नसताना, आपल्या वस्तीवर लादला जावा का? आणि आपल्या रस्त्यावर बावन्न लोकांना विचारलं. प्रत्येक शब्द स्पष्ट वाचला, कुणाला घाई केली नाही.

एक्केचाळीस लोक विरोधात निघाले. म्हणजे एकोणऐंशी टक्के.

शिंप्याने, या वयात आता नवे प्रयोग नकोत, असं सांगितलं. त्याच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आहेत आणि त्याची बायको शेजारी काजं करत बसली होती. तिने मान वर न करता मुळीच नाही असा पर्याय निवडला, तोही माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. औषधवाल्याचा विरोध पहिल्यापासून होता म्हणे, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. इमारतीच्या सेक्रेटरीने, असे विषय आधी सभेपुढे यायला हवेत, असं लेखी दिलं आहे. कोपऱ्यावरच्या बसड्रायव्हरने ठामपणे नाही म्हटलं, आणि मी दोन दारं पुढे गेल्यावर तो धावत आला. येत्या रविवारी त्याचं लग्न आहे, त्याला काही अडचण येईल का, असं विचारत होता. मी त्याला सध्या तरी नाही असं सांगितलं. चार जण प्रश्न ऐकून हसले, त्यांची नोंद वेगळी ठेवली आहे. हा आपला रस्ता आहे, खारू. या लोकांच्या धाकाने मी तुला नाही म्हटलं होतं.

निष्कर्ष : तराजू खोटा. त्यात काहीही घातलं तरी काटा एकाच बाजूला पडतो. तो आकडा मी रद्द करत आहे.

इथे अहवाल संपायला हवा. पण निरीक्षकाने स्वतःविरुद्ध जाणारी माहिती लपवली तर तो निरीक्षक राहत नाही.

फेब्रुवारीत मला एक फोन आला होता. आवाज गोड होता. समाजाचं स्वास्थ्य टिकावं का, विचारलं. मी हो म्हटलं. मुलांची मनं कोवळी असतात का? हो म्हटलं, कारण असतात. विचार न करता केलेले बदल घातक का? यावर तर मी पाच मिनिटं उदाहरणं दिली. मग चौथा प्रश्न आला आणि मी नाही म्हणालो. फोन ठेवून चहा टाकला. त्या एक्क्याऐंशीत मी आहे. तुझं पत्र यायच्या आधीची गोष्ट आहे, पण त्याने काही फरक पडत नाही, तुमचं घर मी पाहिलेलं होतं. खरं सांगतो, त्या प्रश्नात वस्ती होती, समाज होता, मुलंबाळं होती. तू नव्हतीस. तू असतीस तर मी आधी कोण बोलतंय ते विचारलं असतं.

आणखी एक. काल घरी येऊन तो बदललेला फॉर्म मी स्वतःलाच वाचून दाखवला. तुझी आई आणि मी लग्नाआधी बावीस दिवस एकमेकांना ओळखत होतो. मी दर दोन वर्षांनी बदली होणारा माणूस, तिला प्रवासात गाडी लागायची. परिणाम कुणालाच ठाऊक नव्हते. मला चौथा प्रश्न तेव्हा विचारला असता तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि चौतीस वर्षं हुकली असती. तूही हुकली असतीस.

आकडा गेल्यावर माझ्याकडे न येण्याचं कारण उरलेलं नाही. पण एकदा नाही म्हटलेल्या माणसाने आपण होऊन येतो म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा हे पत्र नुसती माहिती समज.

अक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती मला जिन्यात फितूर म्हणाली. चार दिवस शांतता आहे, ती जरा उपभोगतो.

तुझा,
बाबा

४ एप्रिल

ती. बाबांस सा. न.

तुमचा अहवाल आम्ही दोघींनी मिळून वाचला. डॉक्टरने बसड्रायव्हरचा भाग दवाखान्यात एका पेशंटला सांगितला आणि त्याचं तोंड उघडं असताना तो हसला, त्यामुळे एक दात पुन्हा भरावा लागला.

फोनचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. दोन दिवस वाटलं. मग वाटलं की हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

मी माझ्या धंद्यातला सगळ्यात छोटा फॉर्म खाली लिहिते. यात प्रस्तावना नाही.

बाबा, अठरा तारखेला याल का?
हो / नाही

वाट पाहणारी,
खारू

७ एप्रिल

चि. खारू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फॉर्म मिळाला. खेदाने लिहावं लागतं की प्रश्न सदोष आहे. किती वाजता ते दिलेलं नाही. पाहुणा म्हणून की साक्षीदार म्हणून, याचा खुलासा नाही. राहायचं किती दिवस, तेही मोघम आहे. तू बिस्किटांचे प्रश्न कसे लिहितेस याची मला आता काळजी वाटते.

तरी उत्तर देतो. हो. साक्षीदार म्हणून. सोळा तारखेला दुपारच्या गाडीने निघतो, संध्याकाळी पोचेन. स्टेशनवर कुणी येऊ नये, मला रस्ता माहीत आहे. कुणी आलंच तर मी पुढच्या बाजूच्या डब्यात असेन. तेवीसपर्यंत राहीन. डॉक्टरबाईंना वेळ असेल तर वरच्या डाव्या बाजूची एक दाढ दाखवायची आहे, लग्नाच्या दिवशी नव्हे.

काल शिंप्याकडे कोट सैल करायला टाकला. कशासाठी, असं त्याने विचारलं. मी सांगितलं : माझ्या मुलीचं लग्न आहे, डॉक्टरबाईंशी. तो टेप गळ्यात तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. त्याचं मत मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. कोट बुधवारी मिळेल, आणि त्याच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं की बटणं नवी लावू, जुनी शोभायची नाहीत.

अक्काला अखेर सर्व सांगितलं. तिने मला वाक्य पुरं करू दिलं. त्यामुळे मी घाबरून पाणी आणलं. आता ती अठरा तारखेसाठी चार शब्द लिहिते आहे. काल रात्रीपर्यंत नऊ पानं झाली होती. नोंदणी कार्यालयात एका लग्नाला किती वेळ देतात याची आधी चौकशी करून ठेव.

ता. क. यापुढे पत्राच्या मायन्यात तुझ्याबरोबर तिलाही घ्यायचं आहे. श्रीमती लिहून पाहिलं, नोटीस पाठवल्यासारखं वाटतं. डॉक्टरबाई लिहिलं तर दाढ दुखते. मी चि. लिहावं म्हणतो. तिची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. न आल्यास हरकत नाही असं समजून कायम करण्यात येईल.

तुम्हा दोघींचा,
बाबा